प्रश्न जागवणारे पुस्तक : बालक व किशोरांसाठी एक वाचनविचार

“सर, मुलांना अवांतर वाचनासाठी कोणती पुस्तके द्यावीत?” पालकसभेत हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तिका, शब्दकोश किंवा एखाद्या स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक असते. त्यात गैर काही नाही. आपल्या मुलांना परीक्षा द्यायच्या आहेत आणि जिंकायच्याही आहेत. तथापि परीक्षेचे पुस्तक मुलाला उत्तरे देते, आणि माणूस घडतो तो प्रश्नांनी. म्हणून शिक्षक व पालक या दोन्ही नात्यांनी मला जी पुस्तके मोलाची वाटत आली, त्यांचा विचार मी एकाच कसोटीवर करू इच्छितो : हे पुस्तक मिटल्यावर मूल काही विचारते का?

ही कसोटी माझ्या पदरची नाही. ती आपल्या इतिहासातच सापडते.

दोन वाचक मुले

गोव्यातील साखवाळ या खेड्यात १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे विसाव्या शतकातील बौद्धविद्येचे थोर अभ्यासक. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते. तथागतांची ओळख त्यांना कोणत्या विद्यापीठात झाली नाही. ‘बालबोध’ या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकातील बुद्धचरित्रावरील मजकुराने ती करून दिली. त्या ओढीने घर सोडलेला हा तरुण पुणे, काशी, नेपाळ असा भटकत श्रीलंकेत पोहोचला, तेथे पाली भाषा शिकला आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठापर्यंत गेला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले, तेव्हा त्यातील चार पाने एका माणसाला समुद्रापार नेतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

दुसरा वाचक मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी भीमरावांच्या सत्कारसभेत त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले, ही घटना आपल्या घराघरांत सांगितली जाते. ते चरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ही सभा केव्हा झाली, याबाबत मात्र साधनांमध्ये फरक आहे. धनंजय कीर यांच्यासारखे चरित्रकार ती १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरची मानतात. स्वतः बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची असल्याचे नमूद केले आहे. इयत्तांचा हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. परंतु प्रसंगाचा गाभा दोन्हीकडे एकच आहे : एका वडीलधाऱ्या माणसाने एका शिकणाऱ्या मुलाला विचारपूर्वक एक पुस्तक दिले, आणि त्या मुलाने ते मनापासून वाचले.

येथे केळूसकर गुरुजींची भूमिका नीट पाहण्यासारखी आहे. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके पुरवली. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यासाठी त्यांनीच रदबदली केली. म्हणजे पुस्तक एकटे आले नाही. पुस्तकामागोमाग माणूस आला.

घरी सुभेदार रामजी होतेच. परळच्या चाळीतील एकाच खोलीत त्यांनी मुलासाठी अभ्यासाची जागा केली. पुस्तकासाठी पैसे नसले, तर लेकींचे दागिने मागून आणून ते गहाण ठेवले आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवले. पुस्तकाची किंमत आपल्या माणसांनी कशी मोजली आहे, हे मुलांना सांगताना हा तपशील वगळू नये.

विचारण्याचा अधिकार

त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आणखी एक आठवण दिली आहे, आणि माझ्या मते प्रत्येक पालकाने ती वाचली पाहिजे. रामजीबाबा मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. मुलाने विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांनी आपल्या परीने समजावले : आपण अस्पृश्य म्हणून गणले जातो, मनात न्यूनगंड येऊ नये, लहान स्थितीतून वर आलेली माणसेही या ग्रंथांत आहेत. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्या वागणुकीविषयी त्याने आपले आक्षेप बोलून दाखवले. वडील गप्प राहिले. घरात बंड उभे राहत आहे, हे त्यांना उमगले होते.

त्या गप्प राहण्याचे मोल मोठे आहे. सैन्यात शिस्तीत वाढलेला, कबीरपंथी, श्रद्धाळू बाप. तरी त्याने मुलाचा प्रश्न दडपला नाही, थोबाडीत दिली नाही, पुस्तक हिसकावून घेतले नाही. तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना दिलेला उपदेश नेमका हाच आहे : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा. हा उपदेश आपण वंदनेनंतर ऐकतो आणि घरी जाऊन “उलट बोलू नकोस” असे मुलाला बजावतो. वाचनसंस्कृतीची पहिली अट कपाट नव्हे. मुलाचा प्रश्न ऐकून घेणारे घर, ही ती अट होय.

पहिली पायरी : सहा ते दहा वर्षे

या वयासाठी माझी पहिली पसंती जातककथांना आहे. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्या सर्वच मुलांना सांगण्याजोग्या नाहीत. काहींत स्त्रियांची निंदा आहे, काहींत त्या काळच्या जन्मभेदाच्या कल्पना डोकावतात. सांगणाऱ्याने निवड केली पाहिजे. परंतु ज्या चांगल्या आहेत, त्यांना तोड नाही.

दद्दभ जातकातील ससा बेलाच्या झाडाजवळ झोपलेला असतो. वरून पिकलेले फळ खालच्या पानावर पडते, आवाज होतो, आणि ‘पृथ्वी फुटली’ म्हणून ससा पळत सुटतो. त्याच्यामागे हजारो ससे, मग हरणे, रानडुकरे, गेंडे, हत्ती. कोणीही विचारत नाही. शेवटी सिंह सर्वांना थांबवतो, ‘पृथ्वी फुटताना कोणी पाहिली?’ असे एकेकाला विचारत मूळ सशापर्यंत येतो आणि त्याला घेऊन त्या जागी जाऊन पाहतो. तेथे बेलफळ पडलेले! अफवा म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. मोबाइलवर आलेला निरोप न वाचताच पुढे पाठवणाऱ्या मोठ्यांनीही ही कथा ऐकायला हरकत नाही.

सम्मोदमान जातकातील लावे एकजुटीने जाळे घेऊन उडतात, तोवर पारध्याचे काही चालत नाही. एक दिवस एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, भांडण जुंपते, ‘तू उचल’, ‘तूच उचल’ असे होते आणि सारे पकडले जातात. या कथेवर मुलांना भाष्य करून सांगावे लागत नाही. मोठ्यांनाच ती अधिक झोंबते, कारण एका निळ्या झेंड्याखाली किती गट आहेत, याची मोजदाद त्यांनी केलेली असते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना किसा गोतमीच्या मोहरीची कथा आणि थेरगाथेतील सुनीत थेरांची हकिकत सांगावी. वाळलेली फुले, केरकचरा उचलणारा, लोकांपुढे मान खाली घालून चालणारा सुनीत तथागतांच्या संघात सन्मानाने प्रवेश करतो, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणत्याही परीकथेपेक्षा जवळची वाटते.

मात्र केवळ बोधकथांवर मूल वाढत नाही. त्याला हसायलाही हवे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आणि त्यांचा ‘वाचू आनंदे’ हा संग्रह घरात असावा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हा तर आपल्यासारख्याच वसतिगृहात राहून शिकणारा मुलगा. सायकल मारत संकटात शिरणाऱ्या या पोराच्या गोष्टी आमची मुले दिवे मालवल्यावर पांघरुणात टॉर्च लावून वाचतात. अशा चोरीला माझ्या मते शिक्षा नसावी.

दुसरी पायरी : अकरा ते तेरा वर्षे

या वयात मुलाला ‘आपल्यासारखा कोणी’ पुस्तकात भेटावा लागतो. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादाने मराठीत आले आहे. एका शाळेने काढून टाकलेली ही जपानी मुलगी नव्या शाळेत येते. तेथील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे सलग चार तास ऐकून घेतात. रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते. हे पुस्तक मुलांनी आनंदासाठी वाचावे आणि आम्ही शिक्षकांनी आत्मपरीक्षणासाठी. चार तास सोडाच, चार मिनिटे तरी आपण नव्या मुलाचे ऐकतो का?

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने मराठी घरांत एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला हक्काची जागा मिळवून दिली. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला, तान्हेपणीच आईपासून तुटलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकण्यासाठी गावोगाव फिरतो, लोकांचे कपडे धुतो, स्वयंपाक करतो. एक महाविद्यालय पत्राने प्रवेश देते आणि त्याचा रंग पाहताच नाकारते. पुढे १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तो टस्कीगीच्या संस्थेत येतो, मोडक्या-तोडक्या वस्तूंतून प्रयोगशाळा उभारतो, आणि सतत कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत भुईमूग पेरायला शेतकऱ्यांना शिकवतो, कारण भुईमुगाच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र परत देतात. ज्यांचे आईवडील कापूस वेचायला जातात, त्या मुलांना हे परक्या देशाचे वाटत नाही. ‘गुण पाहून प्रवेश दिला, मग रंग पाहून का नाकारला?’ हा प्रश्न वर्गात उमटतोच. तो उमटला की अर्धा इतिहास शिकवून झाला असे समजावे.

सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयी आपल्या मंडळींत दोन मते आहेत. काही जण ते पुस्तक मुलांना देतच नाहीत. मी देण्याच्या बाजूचा आहे, पण प्रश्नासह. त्यातील आई लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला मदत करायला श्यामला सांगते आणि घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. माया खरी आहे आणि विटाळही खरा आहे. दोन्ही एकाच वाक्यात कसे नांदतात, हे मुलांना विचारू द्यावे. मग सांगावे की याच श्यामने, म्हणजे सानेगुरुजींनी, १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. माणूस बदलू शकतो, हेही मुलांना कळले पाहिजे.

याच वयात मुक्ता साळवे भेटावी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. सातवी-आठवीच्या मुलीला “ही तुझ्याएवढीच होती” एवढेच सांगून तो निबंध हाती द्यावा. धर्मव्यवस्थेला थेट सवाल करणारी ती लेखणी वाचून मुलींची पाठ ताठ होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिसरी पायरी : चौदा वर्षांपुढे

येथे पहिले पुस्तक बाबासाहेबांचेच असावे, आणि तेही अगदी छोटे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. १९०१ मध्ये भावंडांसह वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव मसूर स्थानकावर उतरतो. नवे कपडे, जरीची टोपी, प्रवासाचा आनंद. जात कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा पालटतो, गाडीवान मिळेनासा होतो, आणि जवळ अन्न असूनही पाण्यावाचून रात्र काढावी लागते. आपण बाबासाहेबांना सुटाबुटात, हाती संविधान घेतलेले पाहतो. या पानांत ते तहानलेले मूल आहेत. प्रतिमेला हार घालणे सोपे. त्या मुलाची तहान समजून घेणे हे खरे अभिवादन. याच आठवणींच्या आधारे ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक २०११ मध्ये इंग्रजीत निघाले. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची गोंड शैलीतील चित्रे पाहून वाचनाचा कंटाळा असलेली मुलेही त्याकडे ओढली जातात.

दलित स्वकथनांपैकी किशोरांसाठी मी प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ प्रथम सुचवतो. पोरकेपणा, भूक आणि शिक्षणाची ओढ त्यांनी कोठेही आवाज न चढवता सांगितली आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून एका स्त्रीने हा इतिहास लिहिला, हे मुलींना आवर्जून सांगावे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचले, म्हणजे चळवळ केवळ पुरुषांनी चालवली, हा गैरसमज दूर होतो. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी मुले एका बैठकीत संपवतात. जेमतेम दीड-दोन दिवस शाळेत गेलेल्या माणसाने ती लिहिली, हे कळल्यावर पुन्हा उघडतात. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ मात्र सोळा-सतरा वर्षांपर्यंत थांबवावे. त्यातील वेदना पेलायला वाचकाच्या अंगी थोडे बळ यावे लागते.

जगाच्या दुःखाचीही ओळख हवी, नाहीतर आपलेच दुःख जगात एकटे आहे असे वाटू लागते. ॲन फ्रँक या ज्यू मुलीला १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवशी रोजनिशीची वही मिळाली. लपून काढलेल्या दोन वर्षांत तिने ती भरली. १९४५ मध्ये छळछावणीत तिचा अंत झाला. जन्म हाच गुन्हा ठरवला जातो तेव्हा काय घडते, हे मुलांना तेथे वेगळ्या भूमीवर दिसते. आणि विज्ञानासाठी डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्यावा; तो मुलांची दृष्टी गावाच्या वेशीपलीकडे आणि पृथ्वीच्याही पलीकडे नेतो.

दहावीनंतर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हाती द्यावा. तो पाठांतराचा ग्रंथ नव्हे. बाबासाहेबांनी प्रास्ताविकातच परंपरेला प्रश्न विचारले आहेत : एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, आजारी माणूस किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे? मग रोहिणी नदीच्या पाण्यावरून उठलेला शाक्य-कोलियांचा वाद आणि युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ ते आपल्यापुढे उभा करतात. मोहरीच्या कथेपासून सुरू झालेले वाचन येथे येऊन पोहोचले, तर मुलाच्या हाती ग्रंथही आहे आणि तो तपासण्याची पद्धतही.

जातीविषयी मुलांना केव्हा सांगावे?

हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात, विशेषतः जे शहरात गेले, ज्यांनी आडनाव मागे ठेवले, ज्यांच्या मुलांनी गाव पाहिले नाही. ‘इतक्यात कशाला मुलांच्या मनात भरवायचे?’ असे त्यांना वाटते. त्यांची माया मी समजू शकतो. परंतु आपण सांगितले नाही, तर मूल अजाण राहते असे नाही. त्याला दुसरे कोणीतरी सांगते. वसतिगृहाच्या खोलीत, प्रवेशयादीसमोर, गुणांच्या चर्चेत, एका टोमण्यातून. ज्याने कार्व्हर वाचला, मुक्ता साळवे वाचली, मसूरच्या स्थानकावर बाबासाहेबांसोबत रात्र काढली, त्याला तो टोमणा बोचतो, पण मोडत नाही. दोष आपल्यात नाही, टोमणा मारणाऱ्याच्या समजुतीत आहे, हे त्याला आधीच ठाऊक असते. व्यावसायिक महाविद्यालयांत एकाकी पडलेल्या आपल्या लेकरांच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा मला वाटते, हे वाचन म्हणजे हौस नव्हे. ते लेकराच्या अंगावर आपण घालू शकतो असे चिलखत आहे. अपमान पोहोचण्याआधी पुस्तक पोहोचले पाहिजे.

मात्र केवळ वेदनेची पुस्तके देऊ नयेत. ज्या मुलाच्या कपाटात नुसते दुःख असेल, तो एक दिवस कपाट उघडणेच बंद करील. ‘फकिरा’शेजारी फास्टर फेणेही असावा.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे

ज्या आईवडिलांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनी आपण काय करू शकतो असे म्हणू नये. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचायला सांगावे आणि कामे बाजूला ठेवून ऐकावे. आई ऐकते आहे, हे कळले की मुलाचे वाचन सुधारते, आणि आईने “मग पुढं काय झालं?” असे विचारले, तर त्याला मिळालेले ते मोठे प्रमाणपत्र असते.

वाढदिवस, नामकरण, गृहप्रवेश, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा प्रसंगी शाल-श्रीफळाऐवजी मुलाच्या वयाचे एक पुस्तक द्यावे. पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि एक ओळ लिहावी. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती थोडी वेगळी आहे. शाळेला पंखे, टाक्या, संगणक देणारे हात आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आपण ज्या पुस्तकामुळे बदललात, त्याच्या दोन प्रती ग्रंथालयाला द्या आणि शक्य असेल, तर एक दिवस येऊन त्याविषयी मुलांशी बोला. केळूसकर गुरुजींनी पुस्तक दिले आणि सोबत स्वतःचा वेळही दिला, हे विसरू नये.

बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. आपल्यापैकी प्रत्येकाला राजगृह बांधता येणार नाही. पण दोन खोल्यांच्या घरातही एक फळी ठोकता येते. त्या फळीवर पुस्तके ठेवा, ती मुलांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर ठेवा, आणि ती वाचून मूल काही विचारू लागले, की त्याला बोलू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!